मूळ लीज हरवलेल्या फ्लॅटसाठी धावून येणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स.न.वि.वि.

इंग्लंडमध्ये लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, लीजवर घेतलेल्या) फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचे कागद बघणारे आम्ही काही जण हे पत्र मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहोत. ‘मूळ लीज सापडत नाही’ असं विकणाऱ्याच्या वकिलाकडून कळलं की घर घेणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. अशा कितीतरी जणांना तुम्ही धीर दिलात आणि आम्हाला कामाची शिस्त लावलीत. त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही शिकवलेलं इथे तपशिलात मांडतो आहोत, म्हणजे पुढच्या खरेदीदाराच्याही ते कामी येईल.

तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हरवलंय काय, नुसता कागद की त्यातला मजकूरही? लीज दोन प्रतींत होते. फ्रीहोल्डरची, म्हणजे जमीन-इमारतीच्या मूळ मालकाची, सही असलेली मूळ प्रत फ्लॅटधारकाकडे येते आणि फ्लॅटधारकाची सही असलेली जोडप्रत फ्रीहोल्डरकडे राहते. १३ ऑक्टोबर २००३ पासून सात वर्षांहून जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी २१ वर्षांहून जास्त मुदतीच्याच लीजला ती सक्ती होती. नोंदणीच्या वेळी दिलेल्या लीजची प्रत सहसा लँड रजिस्ट्रीकडे (मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) असते. ओसी२ हा प्रत मागण्याचा अर्ज केला की ती मिळते, आणि २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टच्या कलम ६७ प्रमाणे ही अधिकृत प्रत पुरावा म्हणून मूळ कागदाइतकीच चालते. म्हणजे प्रत पूर्ण असेल तर मूळ लीज कुणाच्या माळ्यावर पडून आहे की रद्दीत गेली, याची काळजी करायचं कारण उरत नाही. निम्मी प्रकरणं इथेच सुटायला हवीत, पण अर्ज करण्याआधीच घाबरून सौदा मोडणारे आम्ही पाहिले आहेत.

प्रत हातात आल्यावर ती कशी वाचायची, हे तुम्ही दाखवलंत. आधी परिशिष्टं मोजायची. मजकुरात चौथ्या परिशिष्टाचा उल्लेख आहे आणि प्रत तिसऱ्यावरच संपते, असं घडतं, आणि सर्व्हिस चार्जचा (इमारतीच्या सामाईक खर्चाचा) हिस्सा नेमका त्या गहाळ पानावर असतो. मग नकाशा. लीजमध्ये लिहिलेलं असतं ‘लाल रेषेने दाखवलेली जागा’, आणि समोरचा नकाशा असतो फोटोकॉपीच्या फोटोकॉपीवरून स्कॅन केलेला. त्यात लाल रेषा, निळ्या तिरप्या रेघा, भिंतीची जाड रेष, सगळं एकाच करड्या रंगाचं. तळघराची खोली, पोटमाळा, गाडीची जागा आपली की सामाईक, हे त्यावरून ठरवता येत नाही. लँड रजिस्ट्रीच्या नकाशावर, टायटल प्लॅनवर, विसंबून चालत नाही, कारण तो सीमा ढोबळच दाखवतो. तुम्ही अशा वेळी वरच्या आणि खालच्या फ्लॅटचे नकाशे मागवून तिन्ही एकमेकांशेजारी ठेवायला सांगता. एकाच्या नकाशात हरवलेली रेष दुसऱ्यात बहुतेक वेळा सापडते.

खरी अडचण येते ती रजिस्टरमध्येच ‘लीजची प्रत उपलब्ध नाही’ अशी नोंद असते तेव्हा. लीज अस्तित्वात आहे आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, एवढं नोंदणीमुळे पक्कं असतं. पण छताची दुरुस्ती कुणी करायची, जिन्यावरून जायचा हक्क आहे का, पोटभाडेकरू ठेवता येतो का, कुठल्या कारणावरून लीज जप्त होऊ शकते, हे सगळं अंधारात राहतं. अशा वेळी फ्रीहोल्डच्या रजिस्टरला जोडलेली लीजची यादी बघायची ही तुमची युक्ती फार मोलाची. तिथे इमारतीतल्या प्रत्येक नोंदलेल्या लीजची तारीख, मुदत आणि टायटल नंबर असतो. त्यावरून शेजारच्या फ्लॅटच्या लीज मागवता येतात. एकाच बिल्डरने एकाच सुमारास दिलेल्या लीज बहुधा एकाच साच्यातल्या असतात. मात्र यावरून फक्त अंदाज बांधायचा, हेही तुम्हीच बजावलंत: तळमजल्याच्या लीजमध्ये बागेचा हक्क असतो, सर्वात वरच्या फ्लॅटवर कधी छताचा भार टाकलेला असतो, आणि खर्चाचा टक्का फ्लॅटगणिक बदलतो. याच्या जोडीला आधीची कर्ज देणारी बँक आणि मागच्या खरेदीचे वकील यांच्याकडे विचारणा. वकिलांचं ऑफिस बंद झालं असेल तर त्यांच्या फाइली कुणाकडे गेल्या, हे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे विचारायचं.

आणि फ्रीहोल्डर? त्याच्याकडे जोडप्रत असण्याची शक्यता सर्वात जास्त, म्हणून उतावीळ खरेदीदार पहिलं पत्र त्यालाच पाठवतो. इथेच तुम्ही हात धरता. हरवलेल्या लीजसाठी एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी मिळते, पण ‘या त्रुटीबद्दल फ्रीहोल्डरशी संपर्क झालेला नाही’ अशी अट बहुधा त्यात असते. एक पत्र गेलं की पॉलिसी हातची जाऊ शकते. म्हणून आधी विमा ब्रोकरकडून अटी लेखी घ्यायच्या, विमा की फ्रीहोल्डर हे ठरवायचं, मगच पत्र. सर्व्हिस चार्जच्या माहितीसाठीचा नेहमीचा एलपीई१ फॉर्म मॅनेजिंग एजंटकडे जातोच. त्याबरोबर लीजविषयी एक वाक्य सहज म्हणून जोडू नये, याकडेही तुमचं लक्ष असतं. आमचंही मत तुमच्यासारखंच झालं आहे: विमा नुकसानीचे पैसे देईल, पण गळकं छप्पर कुणी दुरुस्त करायचं ते सांगणार नाही. फ्रीहोल्डर सापडण्यासारखा आणि समंजस असेल तर विम्यापेक्षा कायमचा इलाज बरा.

तो इलाज म्हणजे दोन्ही बाजूंनी सही केलेला दस्त: लीज हरवली आहे आणि सोबत जोडलेल्या अटी दोघांना मान्य आहेत, असं नोंदवणारा. फ्रीहोल्डवर कर्ज असेल तर त्या बँकेची संमती लागते, आणि दस्ताची नोंदणी करावी लागते. हे लिहिताना मुदत वाढवायची नाही, फ्लॅटची हद्दही वाढवायची नाही. तसं केलं तर कायद्याच्या नजरेत जुनी लीज सोडून नवी घेतल्यासारखं होतं, आणि जुन्या लीजवरचं कर्ज, पोटभाडं सगळंच अधांतरी लोंबकळतं. खर्च विकणाऱ्याने द्यायचा आणि हे सगळं कराराची अदलाबदल होण्याआधी, म्हणजे सौदा बंधनकारक होण्याआधी, उरकायचं, कारण ताबा दिल्यावर विकणाऱ्याला घाई उरत नाही.

फ्लॅट फारच जुना आणि नोंदणीच न झालेला असेल तर एफआर१ या पहिल्या नोंदणीच्या अर्जासोबत एसटी३ हे सत्यकथन लागतं. ‘कागद हरवले’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. कागद कुणाच्या ताब्यात होते, शेवटचे केव्हा दिसले, कसे गेले, शोध कुठे घेतला, हे सगळं त्यात यावं लागतं. पुरावा कमी पडला तर नुसत्या ताब्यावर आधारलेलं पझेसरी टायटल मिळतं. अनेक बँका त्यावर कर्ज द्यायला कचरतात, आणि ते सुधारून घ्यायला साधारणपणे १२ वर्षं थांबावं लागतं. म्हणून नोंदणी विकणाऱ्यानेच आधी करून द्यावी, यावर तुम्ही ठाम असता.

लीजच्या मुदतवाढीचा धागाही तुम्हीच जोडून दिलात. १९९३ च्या लीजहोल्ड रिफॉर्म कायद्याने मुदत वाढवून मिळणारी नवी लीज मुळात जुन्या लीजच्या अटींवरच मिळते, त्यामुळे जुन्या अटी माहीत नसतील तर तिथेही वाद उभा राहतो. पण उलट बाजूने पाहिलं तर मुदतवाढ हीच अटी नव्याने कागदावर आणायची संधी असते. फ्लॅट दोन वर्षं मालकीचा असण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली, त्यामुळे खरेदीची नोंद होताच अर्ज करता येतो. फ्रीहोल्डरच बेपत्ता असेल तर त्याच कायद्याच्या कलम ५० खाली काउंटी कोर्टाकडे जाता येतं, आणि कोर्टाने मंजूर केलेली लीज हातात पडते.

ताई, सापडलेली प्रत, शेजारच्या लीज, विम्याच्या अटी आणि कर्ज देणाऱ्या बँकेला ही त्रुटी कळवल्याचं पत्र असं सगळं रंगीत स्कॅन करून एकाच फाइलमध्ये तुम्ही नव्या मालकाला देता. त्याचे वेगळे पैसे तुम्ही कधी लावले नाहीत. आता आम्हीही प्रत्येक खरेदीच्या शेवटी अशी फाइल देतो.

आपले कृतज्ञ,
कागदांच्या कामातले तुमचे सहकारी