खड्डा दाखवा, दाखला न्या

मा. पाणीपुरवठा मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

छपरावरचं पाणी अडवण्याची सक्ती आपल्या खात्याने केली, तिला माझा विरोध नाही. मी प्लंबर आहे, त्या सक्तीवर माझं अर्धं पोट चालतं. तक्रार वेगळी आहे, आणि ती करण्याआधी एक कबुली देतो.

एका नव्या घराला पूर्णत्वाचा दाखला हवा होता. त्यासाठी गच्चीचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा दाखवावा लागतो. मी खड्डा घेतला, त्यात गोटे, खडी, वाळू भरली आणि वरून पाइप सोडला. तो पाइप भिंतीला क्लॅम्पने धरून दीड मीटर वर जातो आणि तिथेच संपतो. टोकाला एंड कॅप, म्हणजे बंद झाकण आहे. गच्चीशी त्याचा काही संबंध नाही. मालकांना घाई होती, मलाही पुढचं काम गाठायचं होतं, ‘नंतर जोडू’ असं ठरलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी खड्ड्याचा फोटो काढला, पाइपचा काढला, मालकांना शेजारी उभं करून आणखी एक काढला. दाखला मिळाला. ‘नंतर’ अजून आलेलं नाही. सहा पावसाळे झाले, त्या गच्चीचं पाणी रस्त्यावर ओततं आहे.

साहेबांचं काय चुकलं? त्यांच्या हातातल्या फॉर्मवर ‘खड्डा आहे का’ एवढाच प्रश्न होता. खड्डा होता.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण संशयाने म्हणतो. इथे मुरत नाही, हाच संशय आहे. नियमाला जोडलेला नकाशा सगळ्यांना एकच: इतका लांब, इतका रुंद, इतका खोल खड्डा. पण घरोघरी छप्पर वेगळं, माती वेगळी, पाण्याची गरज वेगळी. सुरुवात नकाशाने नाही, हिशेबाने व्हायला हवी, आणि तो हिशेब चौथीतल्या पोराला जमेल इतका सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला की छपराच्या दर चौरस मीटरला एक लिटर पाणी मिळतं. छप्पर १०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर, आणि त्यातलं १५ टक्के उडून-सांडून जाईल असं धरलं, तरी ५१,००० लिटर हाती येतं.

हा आकडा ऐकला की मालक लगेच तेवढ्याच टाकीची चौकशी करतात. तेवढी टाकी बहुतेक घरांना लागत नाही. छपरावर किती पडतं याइतकंच, दोन पावसांच्या मध्ये किती दिवस कोरडे जातात हे बघावं लागतं. चार माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज ४० लिटर लागतात आणि सलग १२० दिवस पाऊस नसतो असं धरा: ४,८०० लिटर झाले, म्हणजे ५,००० ची टाकी पुरे. त्याच कुटुंबाला फ्लश आणि कपडे धुणंही याच पाण्यावर करायचं असेल आणि रोज २८० लिटर लागणार असतील, तर ३३,६०० लिटर हवेत. आणि जिथे पाऊस ६०० च्या दुपटीहून जास्त, पण वर्षभर थोडा थोडा येतो, सर्वांत लांब उघडीप २० दिवसांची असते, तिथे तेच २८० लिटर रोज वापरूनही ५,६०० लिटरची टाकी भागवते. छप्पर तेच, माणसं तीच, उत्तरं तीन. आपल्या नकाशात यातलं एकही नाही.

टाकीला जागाच नाही, तर पाणी जमिनीत सोडावं. पण जमिनीला आधी विचारावं. अर्धा मीटर खोल खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचं, पुन्हा भरायचा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजायचं. वाळूच्या जमिनीत वीतभर उतरते. चिकणमातीत काही मिलिमीटर उतरली तर नशीब. तिथे शोषखड्डा केला की तो पहिल्या मोठ्या सरीतच हौद होऊन बसतो. भूजल वर असेल तर खड्डा खालूनच भरतो. मी असे खड्डे खणले आहेत, कारण नियमात ते होते.

आता ज्या भागावर सगळं अवलंबून असतं आणि ज्याची तपासणी कोणीच करत नाही, तिथे येतो. पहिल्या सरीचं पाणी छपराची धूळ, पाला, पक्ष्यांची विष्ठा सगळं घेऊन उतरतं. ते टाकीत किंवा खड्ड्यात जाऊ न देता बाजूला काढायचं असतं. त्यासाठी बहुतेक घरांत आम्ही काय करतो? उभ्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावतो, खाली मीटरभर पाइप सोडतो आणि टोकाला झाकण. दिसायला छान दिसतं. पण ११० मिलिमीटरच्या पाइपच्या एका मीटरमध्ये साडेआठ लिटरच्या आसपास पाणी मावतं. १०० चौरस मीटर छपराचा नुसता पहिला एक मिलिमीटर बाजूला काढायचा तर १०० लिटर जागा लागते, म्हणजे असा जवळजवळ १२ मीटर पाइप! अर्ध्या मिलिमीटरवर समाधान मानलं तरी ५० लिटर. साडेआठ लिटरात जेमतेम पन्हळ ओली होते; खरी घाण त्यानंतर येते आणि थेट टाकीत जाते. साधं पिंप लावलं तरी काम होतं. ते भरलं की आतला चेंडू तरंगून तोंड बंद करतो आणि पुढचं स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. पिंपाच्या बुडाला बारीक भोक हवं, नाहीतर पिंप भरलेलंच राहतं आणि पुढच्या पावसाला निरुपयोगी. ते भोक गाळाने बुजतं, म्हणून काढता येणारी टोपीही हवी. मी हे समजावून सांगतो तेव्हा मालक विचारतात, “नियमात आहे का?”

फिल्टरचंही तेच. तो केवढा दिसतो याला अर्थ नाही, मिनिटाला किती लिटर सोडतो ते बघायचं. तासाला ६० मिलिमीटरच्या सरीत त्याच छपरावरून मिनिटाला १०० लिटर येतात. फिल्टर ३० लिटर सोडत असेल तर ७० लिटर वरून वाहून जातात आणि वैतागलेला मालक दुसऱ्याच दिवशी आतली जाळी उपटून फेकतो.

बाकीचं भराभर सांगतो. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. आत येणाऱ्या आणि सांडव्याच्या दोन्ही पाइपना डास शिरणार नाही अशी बारीक जाळी हवी. सांडवा येणाऱ्या पाइपपेक्षा लहान नको, आणि तो शोषखड्ड्याकडे वळवला तर उत्तमच. पाणी वरून धबधब्यासारखं न सोडता बुडाशी नेऊन वर वळवलेल्या कोपरातून सोडावं, म्हणजे गाळ ढवळत नाही. ५,००० लिटर म्हणजे ५ टन वजन. ते इंजिनिअरला न विचारता स्लॅबवर ठेवणाऱ्याला मी हात जोडतो. नळाच्या पाण्याची लाइन या लाइनला थेट जोडायची नाही, मध्ये हवेचं अंतर ठेवायचं, म्हणजे नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर मोकळं राहील असं, नाहीतर टाकीतलं पाणी उलटं सार्वजनिक नळात जाऊ शकतं. छपराला शिशाचा रंग किंवा शिशाचे पत्रे असतील तर ते पाणी पिऊ नये. साधं गाळून, उकळूनही शिसं जात नाही. इतर छपरांचं पाणी पिण्याआधी खळखळून उकळावं. आणि अंगणातलं, गाड्यांखालचं पाणी बोअरमध्ये सोडणं तर सरळ गुन्हा ठरवा. तेल एकदा खाली गेलं की ते एका घराच्या बोअरपुरतं राहत नाही.

बर्म्युडा बेटांवर नद्या नाहीत. तिथली छपरं पांढरी रंगवलेली, पायऱ्यापायऱ्यांची असतात आणि पाणी घराखालच्या टाकीत उतरतं. तिथे तपासनीसाला फसवून कोणाचं भागत नाही, कारण ते पाणी त्याच घराला प्यायचं असतं. आपल्याकडे हे पाणी कागदाला पाजलं जातं. म्हणून कागदच बदलावा लागेल.

नकाशाऐवजी एक पानी हिशेब मागा: छपराचं क्षेत्रफळ, पाणी कशासाठी हवं, कोरडे दिवस, माती किती जिरवते, पहिलं पाणी किती लिटर बाजूला जातं. त्याखाली मालकासोबत प्लंबरचीही सही घ्या. माझी सही असती तर ती एंड कॅप तिथे राहिली नसती, हे मी स्वतःला ओळखून सांगतो आहे. तपासणी पावसात करा. ते जमत नसेल तर गच्चीवर दोनशे लिटर पाणी ओता आणि कुठून बाहेर येतं ते बघा; साहेबांना फोटोही चांगला मिळेल. या सोयीसाठी मिळणारी करातली सवलत दाखल्याच्या दिवशी पूर्ण देऊ नका, अर्धी दोन वर्षांनी द्या, पन्हळीतला पाला काढलेला आणि पिंपाचं भोक उघडं असलेलं पाहून. आणि प्रत्येक पर्जन्यमापकाची रोजची नोंद कोणालाही बघता येईल अशी ठेवा. कोरडे दिवस मोजायला मला आज लोकांच्या आठवणीवर भागवावं लागतं, आणि पाऊस कसा झाला हे दोन शेजारी एकसारखं सांगत नाहीत.

त्या सहा वर्षांपूर्वीच्या घराच्या मालकांना मी परवा फोन केला. जोडणीला एक दिवस लागेल, मजुरी घेणार नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, दाखला तर मिळालाय, आता कशाला उकरता? मी पुन्हा विचारणार आहे. नियम बदलल्याचं पत्रक तोवर निघालं, तर त्याची एक प्रत सोबत नेईन.

आपला,
एक प्लंबर