सुभेदार काका, ते कार्ड अजून जपून ठेवलंय

आदरणीय सुभेदार काकांस,

साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला बसले की डोळे भरून येतात, म्हणून दोन महिने उशीर झाला.

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्य मिळवलं, तेव्हापासून माझ्या मनात रायफल होती. वय ५१, उजवा खांदा आखडलेला, त्यामुळे उभ्यानं पेलवेना; पालथी पडून, बायपॉडवर म्हणजे नळीखालच्या दोन पायांवर रायफल टेकवून नेम धरायचे. स्पर्धेत बायपॉड चालत नाही हे ठाऊक होतं. मला पदक नको होतं, नेम हवा होता. ऐरोलीहून लोकल पकडून ठाण्याला येत राहिले.

आधीच्या रेंजवर मला काय ऐकावं लागलं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. एकानं स्कोप बदलायला लावला, दुसऱ्यानं महागडा बायपॉड गळ्यात मारला. छर्रे तरीही वर-खाली विखुरलेलेच. शेवटी ‘काकू, हे तुमचं काम नाही’ असं ऐकवून पोरं हसली. तेवढ्या महिन्यांत मी पालथी पडलेय कशी, हे एकानंही वाकून पाहिलं नाही.

तुमच्या रेंजवरही पहिल्या दिवशी तेच झालं. निशाण्याचं कार्ड चुरगळून मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तुम्ही ते उचललंत, गुडघ्यावर ठेवून तळव्यानं सपाट केलंत आणि म्हणालात, “ताई, आडवं बघा. डावी-उजवीकडे एकही गेलेला नाही. हात चांगला आहे तुमचा.”

काका, माझ्या वाया गेलेल्या कार्डात कुणी काही चांगलं शोधलं, ते पहिल्यांदाच.

मग साध्या शब्दांत उलगडून सांगितलंत. स्प्रिंगची एअर रायफल छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच मागे-पुढे हिसका देते. बायपॉडचे पाय कडक फरशीवर असले की ती उसळते आणि मी घाबरून मूठ आणखी आवळते. पायांखाली गोणपाटाची घडी आली, दस्त्याखाली तांदूळ भरलेला जुना मोजा. “मूठ सैल. खांदा टेकवा, पण दर छर्र्याला तेवढाच. डोळे मिटा, श्वास सोडा, उघडा. स्कोपमधला काटा निशाण्यावरून सरकला असेल तर रायफल ओढू नका, स्वतः सरका.” चाप दाबल्यावर मान उचलायची नाही, हे तर तुम्ही वीसदा तरी सांगितलं असेल, आवाज एकदाही न चढवता.

फौजेत इतकी वर्षं काढलेला माणूस, अनोळखी बाईसाठी इस्त्रीच्या पँटनं फरशीवर पालथा पडला. चटई मला दिली. शिकवणं म्हणजे असं शेजारी येऊन पडणं, हे ज्यांना कळतं त्यांच्या जिवावर आपल्यासारख्यांची उमेद टिकते.

परवा २५ मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. ते कार्ड भिंतीवर लावलंय. त्याच्या शेजारी ते चुरगळलेलंही, तुमच्या हातच्या तारखेसकट.

तुमची,
ऐरोलीची ताई