काकाजी, जिनिंगचं नेटवर्क चालू झालं, त्याचे आभार

काकाजी, सप्रेम नमस्कार. फोनवर धन्यवाद म्हटलं का तुम्ही "राहू दे न बे" म्हणून फोनच ठेवून देता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून टाकतो, आता काय करता सांगा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमची जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायची फॅक्टरी) हिंगणघाटकडं, २४ डबल रोलर जिन, म्हणजे सरकी काढायच्या मशीनी, प्रत्येकाच्या ऑटोफीडरला (मशीनला कापूस पुरवते तो) ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड सांभाळणारा डबा, आन् हे सगळे ड्राइव्ह मॉडबसवर (मशीनी एकमेकांशी बोलतात ती भाषा) एका पीएलसीला, म्हणजे सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरला, जोडायचे होते. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरनं (नाव नाही घेत) पॅनलपासून प्रत्येक ड्राइव्हला वेगळी वायर ओढली, तीही मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून. मोटरी बंद असल्या का सगळं बरोबर, जिन सुरू झाले का अर्धे ड्राइव्ह स्क्रीनवरून गायब. तो म्हणे ड्राइव्हच बदला. इकडं कापसाच्या गाड्या यायच्या बेतात, शेठचं डोकं गरम.

तुम्ही आले, आन् लॅपटॉपच उघडला नाही! टेप घेऊन शेडमध्ये फिरले, माझ्या पोरीच्या चित्रकलेच्या वहीत लाइन काढली न म्हणाले, पहिले हे कागदावर जमू दे, मग वायरला हात लावू. मला तेव्हा वाटलं बुढा टाइमपास करून राहिला, खरंच सांगतो. पण त्या एका पानावर सगळं होतं. आरएस-४८५ ची केबल (मॉडबसचा डेटा जिच्यातून जाते ती) पंगतीत वाढतात तशी एका ड्राइव्हकडून दुसऱ्याकडं जाईल, मधून फांद्या नाही. १२० ओमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. शील्डला (केबलवरच्या जाळीला) अर्थ एकाच बाजूला. मोटरच्या केबलपासून दूर, आन् क्रॉस करावंच लागलं तर काटकोनात. साध्या ट्रान्सीव्हरवर (सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप) लाइनच्या एका सेगमेंटला ३२ डिव्हाइसची लिमिट, आपले २४ ड्राइव्ह न एक पीएलसी, म्हणून आपण बसतो हेही तिथंच मोजून ठेवलं.

मला सगळ्यात आवडलं ते ॲड्रेसचं, म्हणजे लाइनवर प्रत्येक ड्राइव्हला जो नंबर द्यायचा त्याचं. मॉडबसमध्ये १ ते २४७ मधला कोणताही देता येते, तुम्ही म्हणाले मशीनवर ऑइल पेंटनं जो नंबर हाय तोच द्या, रात्रपाळीच्या पोराला चार्ट शोधायला लावू नका. आता १७ नंबर गेला का पोरगा सरळ १७ कडं पळते. पॅरिटी न बॉड रेटही (डेटा तपासायची न डेटाच्या स्पीडची सेटिंग) पॅनलच्या दारावर आतून चिकटवून घेतला तुम्ही, तो कागद अजून हाय, रुईच्या धुळीनं पांढरा झाला एवढंच.

आन् पॉवर बंद करून ए-बी मध्ये (केबलच्या दोन डेटा तारांमध्ये) मीटर लावायचं ते, साधारण ६० ओम (दोन १२० समांतर) दाखवलं म्हणजे दोन्ही टोकांचे रेझिस्टर जागेवर, १२० आला म्हणजे एक सुटला. लाखाचं सामान आणलेल्या कॉन्ट्रॅक्टरनं हे एकदाही मोजलं नव्हतं. ड्राइव्ह एकही बदलावा लागला नाही, शेठला हा हिशोब मी दोनदा ऐकवला.

पैसे तुम्ही घेतले नाही, नुसता चहा न पोहे. शेठनं तुमच्यासाठी धोतरजोडा न काकूंसाठी लुगडं काढून ठेवलं हाय, आता नाही म्हणू नका जी.

आता ह्युमिडिफायर न प्रेसचं (गाठी बांधायच्या मशीनचं) पॅनल याच लाइनवर घ्यायचं हाय. ड्रॉइंग यावेळी मी काढलं, रात्री व्हॉट्सॲपवर टाकतो. लाल पेननं जे खोडायचं ते खोडा, फोन मात्र ठेवून देऊ नका.