भिंतीवर बर्मिंगहॅम लावा, पण पानवलचा पूलही लावा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घर सजावटीचं जे पान होतं त्यात मेटल प्रिंटवर, म्हणजे धातूच्या पत्र्यावर छापलेल्या चित्रांवर लिहिलेलं आवडलं, विशेष म्हणजे ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काँक्रीटच्या रेल्वे स्टेशनांची चित्रं. आमच्या घरात त्यावर दोन पार्ट्या पडल्या. मुलं म्हणाली भारी आहे, आणि आमची ही म्हणाली, गिलावा न केलेली भिंत बघायला पैसे कशाला द्यायचे, ती मागच्या पडवीत फुकट आहे. मी मुलांच्या पार्टीत, पण थोडं वेगळं सांगायचंय म्हणून लिहितोय.

आधी पत्र्याचं. ही फॅशन शहरातली असेल पण ती वस्तू खरं तर कोकणासाठीच बनवल्यासारखी आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, काचेच्या फ्रेममधला आजोबांचा फोटो दोन-चार पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके घेऊन बसतो, मागचा पुठ्ठा फुगतो तो वेगळाच. मेटल प्रिंटमध्ये कागदच नसतो. चित्र आधी एका ट्रान्सफर कागदावर उलटं छापतात, मग तो कागद लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून साधारण 200 अंशांच्या प्रेसमध्ये दाबतात, त्या उष्णतेने शाईची वाफ होते आणि ती लेपात मुरते. बाजारात कपावर फोटो छापून देतात ना, तीच पद्धत. ओल्या फडक्याने पुसलं की झालं. फक्त समुद्राला अगदी लागून घर असेल तर कापलेल्या कडांना खारा वारा लागून पांढरे चट्टे येऊ शकतात, तेव्हा कडा सील करून मागा, आणि समोरून थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, रंग उडतो.

आता चित्रांचं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनजवळचं सिग्नल बॉक्स, म्हणजे गाड्यांचे सिग्नल चालवायची जागा, 1960च्या दशकातलं. नाव बॉक्स पण आहे चांगली पाच मजली इमारत, बाहेरून नालीदार काँक्रीटची. तिकडच्या लोकांनीही त्याला कुरूप म्हणून नावं ठेवली, आणि 1995 मध्ये सरकारने त्यालाच वारसा म्हणून संरक्षण दिलं. 2022 पर्यंत तिथून गाड्यांचं काम चालायचं. तसंच उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोपिये शहराचं, 1963 च्या भूकंपात जुन्या स्टेशनचा बराच भाग कोसळला, तिथलं घड्याळ 5 वाजून 17 मिनिटांवर थांबलंय ते आजही तसंच ठेवलंय, आणि शहराच्या नव्या मध्यभागाचा आराखडा जपानचे आर्किटेक्ट केन्झो टांगे यांनी केला ज्यात रुळच खांबांवर उचललेलं स्टेशन आलं. अमेरिकेतली वॉशिंग्टन मेट्रो 1976 ची, आर्किटेक्ट हॅरी वीज यांची, वर चौकोनी खळग्यांचं काँक्रीटचं कमानदार छत. 2017 मध्ये तिथल्या एका स्टेशनच्या छताला पांढरा रंग फासला तर आर्किटेक्ट मंडळी अशी भडकली की विचारू नका. (आपल्याकडे कोणी भडकणार नाही, उलट उद्घाटनाला नारळ फोडतील.)

हे सगळं भिंतीवर जरूर लावा. पण रत्नागिरी सोडून आपल्या कोकण रेल्वेची गाडी दक्षिणेकडे निघाली की पानवल नदीवरचा पूल येतो, त्याचं चित्र कुठे मिळतं हो? सगळ्यात उंच खांब 64 मीटर, आणि बरेच जण सांगतात की तो कुतुबमिनारपेक्षा उंच, ते काही खरं नाही, कुतुबमिनार 70 च्या वर आहे, पण खाली दरीत उभं राहून मान वर केली की हा हिशोब कोणी करत नाही. वरचा गाळा दरीत परांची उभी करून नाही बसवला, एका टोकाला थोडा थोडा ओतून पुढे ढकलत नेला. गिलावा नाही, फरशी नाही, जे काँक्रीट ओतलं तेच दिसतं. जाणकार म्हणतील ब्रुटलिझम, म्हणजे वरच्या चित्रांतली ती उघड्या काँक्रीटची शैली, ही इमारतींची आणि हा इंजिनिअरांचा पूल, तोही 90 च्या दशकातला, मग त्यात कसा बसेल. नसेल बसत. मला तर तो बर्मिंगहॅमच्या बॉक्सपेक्षा जास्त देखणा वाटतो, आणि त्यावर आमच्या पावसाने काळ्या-हिरव्या रेघा ओढल्यात त्या तिकडे कुठे मिळणार.

आणि हा एकच नाही. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सातशे चाळीसच्या आसपास किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे 2 हजार पूल, 26 जानेवारी 1998 ला अख्खा मार्ग सुरू झाला. गणपतीला येणारे चाकरमानी दारात उभे राहून मोबाईल काढतात तोवर बोगदा येतो आणि फोटोत काळोख. रुळांवर उतरून फोटो काढा असं मी मुळीच म्हणत नाही, तो गुन्हा आहे आणि जीव जातो. म्हणूनच हे काम रेल्वेने स्वतः करावं. चांगले फोटोग्राफर बोलवा, रीतसर परवानगी द्या, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा पूल, बोगद्यांची तोंडं, जुने प्लॅटफॉर्म टिपून घ्या, आणि त्याचे मेटल प्रिंट स्टेशनवरच्या स्टॉलवर काजू आणि आंबापोळीच्या शेजारी विकायला ठेवा. चित्राखाली नदीचं नाव, खांबाची उंची, बांधल्याचं साल एवढं तरी असू दे. रत्नागिरी स्टेशनला ही लाईन बांधताना गेलेल्या कामगारांचं स्मारक आहे, विक्रीतला काही हिस्सा त्या घरांसाठी ठेवला तर अजून चांगलं.

दुसरी विनंती घाईची. हल्ली सुशोभीकरण म्हटलं की चकचकीत पॅनेल आणि रंगीत लाईट एवढंच सुचतं. नवीन काय करायचं ते करा पण खांबांना आणि बोगद्यांच्या तोंडांना रंग लावू नका. काँक्रीटमध्ये खारं पाणी शिरून आतली सळई गंजते हे मला कळतं, त्यासाठी दुरुस्ती हवीच, ती आधी करा. पण दुरुस्ती वेगळी आणि निळा-गुलाबी रंग वेगळा.

ज्यांना आत्ताच मागवायचंय त्यांनी मॅट फिनिश मागा, ग्लॉसी नको. आमच्या ओटीवर समोरचं दार दिवसभर उघडं असतं, ग्लॉसीमध्ये पुलाऐवजी अंगणातली मोटरसायकल दिसेल.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी