मिरगाआधी मूठभर बी हवंय

राम राम मंडळी,

गेल्या महिन्यात राधानगरी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर आजीनं मडकं उघडून दाखवलं. राखेत मुरवलेली वरी, जेमतेम दोन मापटी. "हे सरलं की आमच्या वाड्यावरचं बी सरलं, बाबांनो," म्हणाली. हे आवाहन त्या मडक्यासाठी आहे.

पूर्वी डोंगरउतारावर कुमरी व्हायची. झुडपं तोडून वाळवायची, भाजायची, राखेत नाचणा-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा पड टाकून पुढं सरकायचं. पुढची कैक वर्षं त्या पडीवर करवंदी, तोरणी, गवत उठायचं, जनावरं चरायची, मातीत पुन्हा दम यायचा. इंग्रज अमदानीत वनखात्यानं कुमरीवर बंधनं घातली. १९५८ साली दाजीपूरला अभयारण्य झालं, १९८५ साली त्याचा विस्तार झाला. जंगल राखलं ते बरंच झालं, पण सरकायला जागा उरली नाही. तोच तुकडा सारखा पेरला की माती थकते. आणि विसाव्याला टाकलेली पड लोकांना पडीक वाटते, तिचं प्लॉटिंग होतं. जेसीबीनं उतार कापला की पहिल्याच वळवात तांबडी माती ओढ्यात. खाली पाणी पोचलं तिथं ऊस आहेच.

पुन्हा जंगल भाजा, असं आम्ही म्हणत नाही. घरच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर नाचणा, वरी, राळा, कारळा फिरवून घ्यायचा आणि एक तुकडा आळीपाळीनं पड ठेवायचा, एवढंच वाड्यावर ठरलंय.

घरात जुनं बी असेल तर मूठभर द्या, दुकानातलं नको. वरी उखळात सडताना बायकांचे हात सोलून निघतात, म्हणून भरडायचं यंत्र घ्यायचंय, गव्यांसाठी सौरकुंपणही. त्याला पैसे लागतील. जमेल तेवढे द्या, पावती घ्या, हिशेब आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवू. जुलैत तरवा (रोपं) लावायला एक दिवस आलात तर भाकरी-आमटी आमच्याकडं.

आणि कोल्हापुरात राहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. गावाकडं तुमची वरकस जमीन नुसती पडून असेल, तर एजंटाला हो म्हणायच्या आधी आम्हाला विचारा. सातबारा तुमच्याच नावावर राहील, आम्ही फक्त पेरू, आणि पायलीभर नाचणा तुमच्या घरी पोचवू.

मिरीग ७ जूनच्या सुमाराला निघतो. बी त्याआधी आठ दिवस हातात पाहिजे.

आपली,
ग्रामस्थ समिती, राधानगरी तालुका