टॅरिफच्या बातम्यांत अमेरिकेचा मतदार कुठाय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑगस्टपासून तुमच्या पेपरात टॅरिफची, म्हणजे अमेरिकेच्या आयात कराची, बातमी नाही असा दिवस क्वचितच जातो, आणि आम्ही टॉवेल लाइनमधली माणसं सकाळी पेपर हातात आला की आधी तीच वाचतो. पण एक गोष्ट फार दिवस खटकतेय म्हणून हे पत्र. बातमी ट्रम्प काय बोलले इथं सुरू होते आणि मोदी सरकार काय म्हणालं इथं संपते, अमेरिकेतला साधा मतदार, शेतकरी, दुकानदार काय म्हणतोय याचा पत्ताच नसतो. आणि माझं ठाम मत आहे की सोलापूरला खरी गरज त्याच बातमीची आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच आणि एक्स्पोर्टचे पेपर बघतो. २०२५ च्या ७ ऑगस्टला अमेरिकेत जाणाऱ्या भारताच्या मालावर २५ टक्के लागले, २७ ऑगस्टला रशियाच्या तेलाचं कारण देऊन अजून २५, आधीची ड्युटी वेगळीच. त्याच वेळी पाकिस्तानला १९, बांगलादेश आणि व्हिएतनामला २०. टॉवेलच्या धंद्यात डझनामागं थोड्याशा फरकावर ऑर्डर इकडची तिकडं जाते, तिथं हा फरक कोण सोसणार? तिकडच्या बायरचा मेल आला, निम्मा बोजा तुम्ही घ्या नाहीतर शिपमेंट होल्ड. हॉटेलसाठीचे पांढरे टॉवेल, काठ शिवून, घडी घालून, कार्टनवर मार्किंग मारून सगळं रेडी, न्हावाशेवा बंदराला जायची गाडी सांगितलेली ती कॅन्सल केली आणि माल गोडाऊनला पडला. रातपाळी बंद झाली. काठ शिवणाऱ्या बायका डझनावर पैसे घेतेत, डझन नाही तर पैसे नाहीत, त्यांना पगारी सुट्टी वगैरे काही नसतं, आणि पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

आता यावर आपल्याकडं दोनच गोष्टी ऐकू येतेत, एक म्हणजे अमेरिकेच्या मालावर बहिष्कार टाका आणि दुसरी म्हणजे अमेरिकेची माणसंच तशी, स्वार्थी. दोन्ही रागातून आलेल्या आहेत आणि राग मलाही आहे, पण अख्ख्या देशाला एका माणसाच्या नावानं मोजणं चूक आहे.

१९७१ चं बांगलादेश युद्ध आठवा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानच्या याह्याखानच्या पाठीशी होते, त्यांचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडं निघालं हे आपल्याकडं म्हातारी माणसं अजून सांगतेत. पण त्याच वर्षी जुलैमध्ये बाल्टिमोर बंदरात तिथल्याच लोकांनी छोट्या छोट्या होड्या घालून पाकिस्तानच्या पद्मा जहाजाची वाट अडवली, फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानच्या जहाजावर माल चढवायला नकार दिला, सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये येऊन बंगालच्या निर्वासित छावण्या बघून गेले. ढाक्यातला अमेरिकेचाच कॉन्सुल आर्चर ब्लड यानं आपल्या सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवली. ही पण अमेरिकाच होती ना! हातावर पोट असलेल्या गोदी कामगारानं आपली मजुरी सोडली ती हजारो मैलांवरच्या, कधी न बघितलेल्या लोकांसाठी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मात्र तिथलं जनमत नेहमी शहाणंच असतं असंही मी म्हणणार नाही. २००३ ला इराकवर हल्ला झाला तेव्हा गॅलपच्या पाहणीत दहातले सातजण बाजूनं होते, आणि तीनच वर्षांनी त्याच लोकांनी वैतागून दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सच्या हातात दिली, तोवर माणसं मरून गेली होती. परदेशी मदतीवर सरकारचा पाव तरी पैसा जातो असं तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं वाटत आलंय, खरा आकडा एक टक्क्याच्या आसपास. अशा समजुतीवर निवडणुका लढवल्या जातेत आणि त्याचे चटके जगाला बसतेत. २०२५ च्या १ जुलैला परदेशी मदत देणारं त्यांचं सरकारी खातं यूएसएड बंद झालं ते काही आभाळातून पडलं नाही.

पण परदेश धोरण तिथं बदलतं ते बहुतेक वेळा घरातल्या बिलामुळं, हे मी पुन्हा पुन्हा बघतोय. थोरल्या बुशनं १९९१ ला आखाती युद्ध जिंकलं, गॅलपमध्ये ८९ टक्के लोक खूश होते, आणि पुढच्याच वर्षी मंदीमुळं तो माणूस निवडणूक हरला. २०२५ चंच घ्या. ऑगस्टमध्ये प्यू रिसर्चच्या पाहणीत दहातल्या साधारण सहाजणांनी टॅरिफ नापसंत केले. ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्क शहर, न्यू जर्सी, व्हर्जिनियात महागाईच्या मुद्द्यावर निवडणुका लढल्या गेल्या, तिन्ही ठिकाणी ट्रम्पचा पक्ष आपटला, आणि दहाच दिवसांत, १४ नोव्हेंबरला, बीफ, कॉफी, केळी, चहा, मसाले यांच्यावरचा टॅरिफ काढला. कुठल्या देशानं डोळे वटारले म्हणून नाही, तिथल्या बाईला किराणा परवडेना म्हणून!

आमचा टॉवेल त्या यादीत नव्हता. कारण कॉफी रोज सकाळी लागते, टॉवेल दोन-तीन वर्षांत एकदा घेतला जातो, तो महागला म्हणून कोणी मत बदलत नाही. टॉवेलसाठी ओरडणारा तिथं फक्त आयातदार आणि दुकानदार, आणि टॅरिफचे पैसे कस्टमला पहिल्यांदा भरतो तोच. तिथल्या खेळण्यांच्या कंपनीनं, वाइन मागवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यानं आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध केस टाकली, खालच्या कोर्टांत जिंकले, ५ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली, आणि २०२६ च्या फेब्रुवारीत निकालही त्यांच्याच बाजूनं लागला. सोलापूरच्या लूमचं भवितव्य त्या माणसांच्या केसवर लटकलं होतं आणि ते कोण आहेत हे इथं कुणाला माहीत नव्हतं, असं कसं चालेल?

शेतकऱ्याचं तर अजूनच जवळचं आहे. चीननं अमेरिकेचं सोयाबीन घेणं थांबवलं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एक दाणा घेतला नाही, आयोवा-इलिनॉयचा शेतकरी माल घेऊन बसला आणि बँकेचे हप्ते तर चालूच. त्याचा दाब वॉशिंग्टनवर येतो, आणि वॉशिंग्टनचा दाब दिल्लीवर, की आमचा मका घ्या, सोयाबीन घ्या. मग भाव पडणार तो बार्शीच्या शेतकऱ्याचा. कापसाचंही तसंच, आपल्या सरकारनं २०२५ च्या १९ ऑगस्टपासून वर्षाअखेरपर्यंत आयात ड्युटी काढली, गिरण्यांना बरं झालं पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याच्या पोटात गोळा आला. दोन्हीकडचे शेतकरी एकाच बाजाराच्या दोन टोकांना अडकलेत आणि एकमेकांना दुश्मन समजतेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजून एक, तिथं कुणाचं मत किती वजनाचं हेही आपल्याला कळायला पाहिजे. वायोमिंग राज्याची लोकसंख्या सहा लाखसुद्धा नाही, म्हणजे सोलापूर शहरापेक्षा कमी, पण सिनेटर दोन, आणि पावणेचार कोटींच्या वरच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ब्राझीलवरच्या टॅरिफविरुद्ध सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतं पडली, त्यात ट्रम्पच्याच पक्षाचे पाचजण होते. ठराव प्रतिनिधीगृहात पुढं सरकला नाही हे खरं, पण असे आणखी कोण फुटू शकतात ही आमच्यासाठी पहिल्या पानाची बातमी आहे, आणि ती मला इंग्रजी साइटवर डिक्शनरी घेऊन वाचावी लागली.

म्हणून विनंती अशी की आठवड्यातनं एकदा तरी अर्धं पान द्या. तिथल्या पाहण्या काय सांगतेत, शेतकरी संघटना, आयातदार, गोदी कामगार काय बोलतेत, कोणत्या राज्यात वारं फिरतंय. २०२६ च्या ३ नोव्हेंबरला तिथं मध्यावधी निवडणूक आहे, प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या एक तृतीयांश, तोवर ऑर्डर धरायच्या का सोडायच्या, नवीन लूमसाठी कर्ज काढायचं का थांबायचं, हे इथल्या शेकडो छोट्या कारखानदारांना ठरवायचंय. आणि आमच्या खासदार-आमदारांनीही दिल्लीत नुसतं पॅकेज मागू नये, तिथल्या आयातदारांच्या आणि दुकानदारांच्या संघटनांशी आपल्या कारखानदारांची बैठक लावून द्यावी, कारण या घडीला वॉशिंग्टनमध्ये आमच्या टॉवेलच्या बाजूनं बोलायला तेवढीच माणसं आहेत.

आपला,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर