सुई की वही? असं विचारणाऱ्या ताईंना उघड पत्र

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये, कारण लिहिलं तर तुम्ही फोन करून आधी झापणार आणि मग डिलीट करायला लावणार हे माहितीये. पण आभार सगळ्यांसमोरच मानायचेत. समोर येऊन मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, चहा सांग आधी" म्हणून विषय संपवता. आणि करनालच्या एनडीआरआयला, म्हंजे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेला, जनावरांच्या पैदाशीच्या मास्टर्सची ऍडमिशन झाल्यापासून ज्युनियर पोरापोरींचे मेसेज येतायत, सर काय वाचलं, सर कधीपासून सुरू केलं, सर क्लिनिकल सोडून हे का, आणि त्यांना मी जे सांगतो त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचंच असतं, मग क्रेडिट मी कसं घेऊ.

आपल्याकडे व्हेटरनरीला पोरगं कसं येतं ते तुम्हाला सांगायला नको. नीटमध्ये एमबीबीएस हुकलं, मग बीव्हीएस्सी. गावात "जनावराचा डॉक्टर" म्हणून नाव आधीच पडलेलं. आणि कॉलेजात आल्यापासून कानावर दोनच गोष्टी, एमपीएससी काढून पशुधन विकास अधिकारी व्हायचं नाहीतर पुण्या-मुंबईला कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक टाकायचं. दोन्ही चांगलंच आहे, माझा कॉलेजातला रूममेट एमपीएससीच करतोय आणि तो होणार म्हंजे होणार. पण एलपीएम (म्हंजे जनावरं पाळायचं, गोठ्याचं व्यवस्थापन), न्यूट्रिशन, जेनेटिक्स, पोल्ट्री, दूध-मांसाचं तंत्रज्ञान हे सगळे पास होण्यापुरते विषय असं आमच्या बॅचने पक्कं धरलेलं होतं. सीनियरच्या नोट्स, आदल्या रात्री झेरॉक्स, झालं.

तुम्ही तेव्हा पीएचडीच्या डेटासाठी फार्मवर सकाळचं दूध मोजायला पोरं शोधत होतात आणि मी आलो तो खरं सांगायचं तर नंतर मिळणाऱ्या पोह्यांसाठी आलो. बाकीचे गळाले, मी राहिलो, कारण मला ते आकडे लिहायला आवडायला लागलं, कोणती गाय कितव्या वेताची, व्यायल्यापासून किती दिवस झाले, काल किती आज किती. एकदा तुम्ही रजिस्टर बघता बघता विचारलंत, तुला सुई धरायला आवडतं का वही, म्हंजे उपचार का नोंदी? मी म्हटलं वही. मला वाटलं हसाल. तुम्ही म्हणालात मग तसं ठरवून शीक, योगायोगाने नको.

माझ्या घरी लाल कंधारी आहेत हे तुम्हाला माहितीये. आई कोणती गाय कधी भरवली, कधी व्याली, गोऱ्हा झाला का कालवड, हे सगळं कालनिर्णयच्या पानामागे लिहून ठेवते, आणि वर्ष संपलं की ते कॅलेंडर शेगडीत. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही कपाळाला हात लावलात, म्हणालात अरे तो डेटा आहे, तो जाळता तुम्ही लोक! त्या दिवाळीला घरी जाऊन आईला आधी वही आणून दिली. आता ती माझ्यापेक्षा कडक आहे, शेजारच्यांच्या गायींचंसुद्धा लिहिते, विचारा न विचारा.

आता मुद्द्याचं, कारण ज्युनियर लोक इथंच थांबतात की "प्लॅन" म्हंजे नेमकं काय. तुम्ही एक कोरा कागद घेतलात आणि उलटीकडून सुरुवात केलीत. शेवटी कुठं पोहोचायचंय ते वर, मग त्याच्या आधी काय लागतं, मग त्याच्याही आधी काय. वर लिहिलं जनावरांच्या पैदाशीवर संशोधन. त्याखाली मास्टर्स, जेनेटिक्स अँड ब्रीडिंगला. त्याखाली आयसीएआरची पीजीची परीक्षा, एनटीए घेते ती. त्याखाली ओजीपीए, म्हंजे सगळ्या वर्षांच्या गुणांची सरासरी, आणि समोर तुम्ही लिहिलंत "पडू द्यायचा नाही, टॉपर व्हायची गरज नाही". अगदी तळाला दुसरं वर्ष, कारण जेनेटिक्स आणि न्यूट्रिशन दुसऱ्या वर्षालाच असतं आणि आपण ते दुसऱ्या वर्षाला घालवतो, मग इंटर्नशिपमध्ये परीक्षा जवळ आली की पहिल्यापासून रडत बसतो. साडेपाच वर्षं म्हंजे खूप वाटतं पण शेवटचं एक अख्खं वर्ष इंटर्नशिपमध्ये जातं, त्यात ड्युटी, नाइट, कॅम्प, अभ्यासाला असा सलग वेळ मिळतच नाही. हे इतकं साधं गणित पण कोणी मांडून दाखवलं नव्हतं हो.

आणि फक्त स्वतःच्या विषयाचा हेका धरू दिला नाहीत याबद्दल वेगळे आभार. मी जेनेटिक्स जेनेटिक्स करत होतो तर तुम्ही मला आधी बाकीचं दाखवलंत, की हे सगळं बघून मग ठरव. पोल्ट्रीत पुण्याकडच्या मोठ्या कंपन्या व्हेट आणि न्यूट्रिशनवाल्यांना घेतात, पशुखाद्याच्या कंपन्यांत रेशन फॉर्म्युलेशनचं, म्हंजे खाद्यात काय किती घालायचं ते ठरवायचं काम असतं, बंगळूरला पशुपोषणाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे, बरेलीजवळ इज्जतनगरला आयव्हीआरआय, म्हंजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, आणि तिथंच कुक्कुट संशोधन संस्था. आयव्हीआरआयचं तर तुम्ही फार रंगवून सांगितलं होतं, १८८९ ला ती सुरू झाली आपल्या पुण्यात आणि मग १८९३ ला मुक्तेश्वरच्या डोंगरात गेली. एनडीआरआयसुद्धा १९२३ ला बंगळूरला सुरू झाली आणि १९५५ पासून करनालला. तेव्हा मला वाटलं ताई इतिहास कशाला सांगतायत, आता इथं हॉस्टेलमध्ये राहून कळतंय की आपण कुठं चाललोय ते माहिती असलं की माणूस इंटरव्ह्यूत जरा कमी घाबरतो.

फलटणची ट्रिप मात्र विसरणार नाही. निंबकरांच्या नारी संस्थेतल्या मेंढ्या. आमच्याकडची दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते, आणि बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीत एक जनुक आहे, फेकबी, ज्यामुळे जुळी होतात. ते जनुक तिथून आणून संकर आणि निवड करत करत नारी सुवर्णा तयार केली. मी पुस्तकात "मेजर जीन", म्हंजे एकट्यानेच मोठा फरक पाडणारं जनुक, असं वाचलं होतं, दोन मार्काला येतं म्हणून, आणि इथं एक मेंढपाळ उभा राहून सांगत होता की दोन कोकरं झाली तर आईला दूध पुरलं पाहिजे, चारा जास्त लागतो, नाहीतर दोन्ही जातात. तुम्ही परत येताना गाडीत म्हणालात, आज जेनेटिक्स आणि न्यूट्रिशन एकाच माणसाने शिकवलं बघ. तिथून आल्यावर मी ठरवलं.

आणि मग वाशीम. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते गौचिप आणि महिषचिप आल्या, म्हंजे आपल्या देशी गायी-म्हशींसाठीच्या जीनोमिक चिप, आणि आमच्या ग्रुपवर सगळे "आता काय, रक्त घेतलं की गाय कशी निघणार ते कळणार" असं लिहायला लागले. तुम्ही त्यावर ग्रुपवर लिहिलं नाहीत, मला बोलावून समजावलंत. पूर्वी वळू चांगला का वाईट ते ठरवायला त्याच्या मुली जन्माव्या लागायच्या, मोठ्या व्हाव्या लागायच्या, व्याव्या लागायच्या, त्यांचं दूध मोजावं लागायचं, सहा-सात वर्षं सहज जायची. चिपमुळे वासरू लहान असतानाच अंदाज येतो. पण अंदाज कशावरून? आधी हजारो गायींचे डीएनए आणि त्याच गायींचं मोजलेलं दूध हे एकमेकांना जोडलेलं पाहिजे, तेव्हा कुठं चिप बोलते. दूध मोजलेलंच नसेल तर चिप मुकी. परदेशात होल्स्टिनचं हे इतकं चालतं कारण तिथं गोठ्यागोठ्यातल्या दुधाच्या नोंदी कितीतरी वर्षांपासून आहेत. आपल्या लाल कंधारीच्या, देवणीच्या, डांगीच्या, खिल्लारच्या किती गायींचं दर महिन्याला दूध मोजलं जातं? कानात बारा आकडी बिल्ला आहे, पण बिल्ल्यासमोर आकडा नाही. तुम्ही म्हणालात, तुझं करियर त्या रिकाम्या रकान्यात आहे.

ताई हे वाक्य मी एसओपीत, म्हंजे ऍडमिशनसाठी लिहायच्या निवेदनात, चोरलंय. आता सांगतो.

त्यात दुधाची आनुवंशिकता पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपासच, बाकी सगळा चारा, पाणी, उन्हाळा, मालकाचा हात. म्हंजे नुसता आकडा लिहून भागत नाही, त्या दिवशी गाय आजारी होती का, वेत कितवं, ऋतू कोणता, हे सगळं लिहिलेलं असेल तरच त्यातून गायीचा स्वतःचा भाग वेगळा काढता येतो. हा भाग वेगळा काढायची संख्याशास्त्रातली पद्धत म्हंजे ब्लप, तो कशाला लागतो हे मला वर्गात कळलं नव्हतं, तुमच्या त्या कळकट लॅपटॉपवर आमच्याच फार्मचे आकडे टाकून दाखवलंत तेव्हा कळलं. आर ही आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा शिकायला तुम्हीच लावलंत, फुकट आहे, मोबाइलवर गेम खेळतोस त्यापेक्षा बरं. पहिल्यांदा एरर आला की मी तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवायचो आणि तुम्ही उत्तरात फक्त "वाच" लिहायचात. एरर वाच. फार राग यायचा.

ईमेलचं पण सांगायलाच पाहिजे, कारण ज्युनियर लोकांना हेच सगळ्यात जास्त हवंय. मी एका संस्थेतल्या शास्त्रज्ञांना समर ट्रेनिंगसाठी मेल लिहिला होता, रिस्पेक्टेड सर, आय ऍम व्हेरी इंटरेस्टेड, लहानपणापासून प्राण्यांची आवड, दीड पान. तुम्ही लाल पेनाने सगळा खोडलात आणि चार ओळी ठेवल्यात: मी कोण, तुमच्या कुठल्या कामाबद्दल लिहितोय, मला आत्ता काय काय येतं, किती आठवडे येऊ शकतो. "आवड सगळ्यांनाच असते, तुला काय येतं ते सांग." उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण, मग सोडून द्यायचं, मनाला लावून घ्यायचं नाही. काहींनी उत्तर दिलं नाही, एकांनी दिलं, आणि एक पुरतं.

परदेशाचं जे डोक्यात घोळत होतं तेही तुम्हीच सरळ केलंत. आमच्याकडे सगळे समजतात की अमेरिकेला जायचं म्हंजे ती लायसन्सची परीक्षा, लाखो रुपये. तुम्ही सांगितलंत तिकडे जनावरांवर उपचार करायचे असतील तर परदेशी डिग्रीवाल्यांसाठीचं ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह आणि नॅव्हले ही लायसन्सची परीक्षा, तो लांबचा आणि खर्चिक रस्ता. पण ऍनिमल सायन्समध्ये एमएस, पीएचडी करायला लायसन्स लागतच नाही, तिथं प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधून असिस्टंटशिप मिळू शकते, म्हणून युनिव्हर्सिटीच्या आधी प्रोफेसर शोधायचा. युरोपात पैदास आणि जेनेटिक्सचं एकत्रित मास्टर्स असतं हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि वर हेही बजावलंत की इंटर्नशिप झाली की राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आधी करून टाक, संशोधन करणार म्हणून ती टाळू नकोस. फॉर्म भरताना लाज न बाळगता महाडीबीटी हे सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल बघ, समाजकल्याणच्या परदेश शिष्यवृत्तीत कोण बसतं ते वर्गातल्या सगळ्यांना सांग. तुम्ही हे नोटीस बोर्डवर हाताने लिहून लावायचात, मला आठवतं, कोणीतरी त्यावर मेसचं बिल चिकटवायचं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजून भांडणार आहे. तुम्ही म्हणायचात वही धरलीस तर सुईत फार वेळ घालवू नको. मला नाही पटत ताई. इंटर्नशिपला गावोगाव फिरताना बघितलं, नुसतं रजिस्टर घेऊन गेलं तर शेतकरी म्हणतो हे सर्वेवाले आले, सबसिडी आहे का? आणि त्याच्याच गोठ्यात अडलेली गाय सोडवली, वासरू उभं राहिलं, की तो स्वतःहून सांगतो हिची आई कोणती, बाप कुठला, मागच्या वेताला किती द्यायची. वहीतली अर्धी पानं सुईमुळे भरली. ऍनिमल सायन्सवाल्या पोरांनी गायनॅक आणि मेडिसिन अंगावर घेऊ नये असं मला अजिबात वाटत नाही, उलट तिथं जीव ओतून शिकावं. तुम्हाला वेळ मिळाला की यावर वाद घालू, मी तयारी करून बसलोय.

करनालला बरं चाललंय. थंडी वाईट आहे, ज्वारीची भाकरी मिळत नाही, रूममेट तामिळनाडूचा आहे आणि आम्ही एकमेकांशी मोडकं हिंदी बोलतो, त्याचं माझ्यापेक्षा बरं आहे. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या तासाला सरांनी विचारलं मिक्स्ड मॉडेल, म्हंजे ब्लपच्या मागचं गणित, कोणी चालवलंय का, मी हात वर केला, आणि मग त्यांनी फळ्यासमोर बोलावलं, तिथं थोडी फजिती झाली पण बसलो जागेवर शांत.

जेनेटिक्सचं ते तुमचं जाडं पुस्तक, कव्हर फाटलेलं, ते मी परत केलेलं नाही आणि करूही शकत नाही, ते आता तिसऱ्या वर्षाच्या एका पोरीकडे आहे, देवणीकडची आहे, तिच्या घरी वानेरा, म्हंजे देवणी गायींतला एक प्रकार, आहेत आणि तीही दूध मोजायला लागलीये. तिला मी तुमचा नंबर दिलाय. चिडू नका. तिचाही मेल दीड पानाचा आहे, मी वाचलाय, लाल पेन काढून ठेवा.

पीएचडीच्या व्हायवाची, म्हंजे तोंडी परीक्षेची, तारीख ठरली की लगेच कळवा, रिझर्वेशन आधी करावं लागतं, आणि पेढे आई कंधारहून पाठवणार आहे, घरच्याच दुधाचे. कोणत्या गायीचं, कितव्या वेताचं, ते डब्यावर लिहिलेलं असेल.

तुमचा,
पोह्यांसाठी आलेला